हळद्याच्या नाकाची वही: जानेवारी ते जून

माझ्या कुत्र्याच्या, हळद्याच्या, नाकाच्या खेळांची ही वही. तिच्यातली पहिली नोंद ११ जानेवारीची आहे. 'आप्पेपात्र, १२ खळगे, चिकनचे ४ तुकडे. दहा मिनिटं वाट बघितली. जागचा उठला नाही.' खाली मी चिडून रेघ मारलीय, ती मागच्या पानावरसुद्धा उमटलीय.

हळद्या नव्यांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. गावठी कुत्रा, दातांवरून डॉक्टरांनी काढलेलं वय अडीच-तीन वर्षं, रंग पिवळट तांबूस. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर हिशेब लिहिते. गेल्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढायला लागलं, नदीकाठची कुत्री वरच्या अंगाला सरकली आणि हा आमच्या गोडाऊनच्या शटरखाली येऊन पडला. अंगभर खरूज, कानात गोचिडांची रांग, मागचा डावा पाय कधीतरी मोडून वाकडाच जुळलेला. फुटक्या पोत्यांत लोळून असा पिवळाधमक झाला होता की हमालांनी बारसं तिथंच उरकलं. चार दिवसांपुरता म्हणून घरी आणला. चार दिवस अजून संपायचेत.

खरूज दोन महिन्यांत गेली. लसी झाल्या, नसबंदी झाली, अंग भरलं. पण फाटकाबाहेर पाऊल टाकायचा नाही. लांब कुठं ट्रकच्या ब्रेकची फुस्स झाली की पोट जमिनीला आणि डोळे पांढरे. डिसेंबरअखेर आमची मजल फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत, म्हणजे ४० पावलं. हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण मी रोज पावलं मोजून लिहीत होते. हिशेबनिसाची खोड. आज ४०, उद्या ४५ झाली पाहिजेत. उद्या व्हायची २२.

मग ठरवलं, बाहेर जायचं नाही तर घरात काहीतरी करू. नाकाचे खेळ, म्हणजे लपवलेला खाऊ वासावरून शोधायचे. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा ते तीस कोटी. एवढं भांडवल घेऊन प्राणी दिवसभर सोफ्याखाली पडून असतो, हे काही बरोबर नाही.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. "त्याला नाक देवानं दिलंय की. तू काय शिकवालीस?"

आप्पेपात्र का फसलं ते तिसऱ्या दिवशी कळलं. आमचं बिडाचं आप्पेपात्र शहाबादी फरशीवर ठेवताना खणकन वाजायचं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण त्याच्या लेखी तो ट्रकचा फाळका होता. खाली जुनी वाकळ अंथरली, पात्र आधीच मांडून ठेवलं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. दाराच्या फटीतून बघितलं तर मान लांब करून, पाय जागच्या जागी ठेवून, नुसत्या नाकानं खळगे मोजत होता. चारही तुकडे गायब. नोंद: '२ मिनिटं. मी नसताना.' हे 'मी नसताना' पुढं आठवडाभर आहे. मग 'मी दारात'. मग 'मी मोड्यावर'. नव्यानं सुरू करणाऱ्यांना माझं एकच सांगणं: समोर बसून 'शोध, शोध' करत राहू नका. घाबरलेल्या कुत्र्याला तुमची आशासुद्धा जड होते.

फेब्रुवारीत पेट्या आल्या. बुटांच्या दुकानातून रिकामे खोके मागून आणले, आठ खोक्यांपैकी एकात पनीर. इथं एक चूक झाली. मी पनीर ठेवायची त्याच खोक्याला हात लावायची आणि बाकीचे पायानं सरकवायची. चार दिवस तो भराभर शोधत होता, मी खूश. पाचव्या दिवशी पनीर विसरून नुसता हात लावलेला खोका ठेवला, तर त्याच्यापुढंही जाऊन बसला. गडी पनीर नाही, माझी बोटं शोधत होता. तेव्हापासून सगळ्या खोक्यांना सारखा हात लावते आणि ठेवायची वस्तू चिमट्यानं ठेवते.

पुढची पायरी म्हणजे खाऊ सोडून एक ठरलेला वास. तो सापडला की खाऊ मिळणार, असा सौदा. वास कुठला घ्यायचा? सांगलीचं माणूस, हळदीची नोकरी, कुत्र्याचं नाव हळद्या. हळकुंड घेतलं. बारीक भोकं पाडलेल्या डबीत हळकुंडाचा तुकडा, डबी खोक्यात. पहिल्याच दिवशी हळद्यानं सगळे खोके ओलांडले आणि माझ्या मांडीवर हनुवटी टेकून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी साडीचा पदर नाकाला लावून बघितला, मला काही वास येईना. यार्डात अठरा वर्षं काढल्यावर कसा येणार? त्याचं काही चुकत नव्हतं. घरातलं सगळ्यांत मोठं हळकुंड मीच होते.

लवंग घेतली मग. परदेशात या खेळाच्या स्पर्धा होतात, तिथं लवंगेचा वास वापरतात. ते तेल वापरतात, पण मी ते टाळलं, कातडीला आणि नाकाला झोंबतं. कापसात दोन लवंगा रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी नुसता कापूस डबीत घालायचा. तेवढा वास त्याला रग्गड होतो. डबी घट्ट झाकणाची हवी, खाल्ली जाता कामा नये.

सापडल्याचं लक्षण आधी शेपटीत दिसेल असं मला वाटायचं. तसं नाही. एकदा फरशीवर आडवी पडून बघितलं. तो चालतोय, नाक जमिनीपासून बोटभर वर, सूं-सूं-सूं असा आवाज, सेकंदाला चार-पाच. नाकपुड्यांच्या बाजूला ज्या चिरा असतात ना, श्वास सोडताना त्यांच्यातून हवा मागं जाते. फरशीवरची पिठाची भुकटी त्यानं दोन्हीकडं उडताना दिसली, समोरचा वास मात्र जागेवर. डबीवरून पुढं गेला आणि मान अशी झटकन मागं वळली, जणू कुणी कान धरून ओढला. धड अजून पुढंच चाललं होतं. नाक आधी वळलं, मग खांदे, मग तो वाकडा पाय, आणि शेपूट सगळ्यांत शेवटी. हे एकदा ओळखता आलं की तो आपल्याला सांगायच्या आधीच आपल्याला कळतं. मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

आता मार्च. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलंच पाहिजे.

तासगावकडच्या पाहुण्यांनी नव्या मालाचे दोन किलो बेदाणे आणले होते. हिरवे, लांबट, चांगल्या प्रतीचे. तोवर सासूबाईंचं मन पालटलं होतं. दुपारी मी नसताना त्याच त्याच्याशी खोक्यांचा खेळ खेळायला लागल्या होत्या, मला न सांगता. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर म्हणाल्या, "आज लई लवकर शोधलंन. रोज पनीर तरी किती खायचं त्यानं, म्हणून गोड घातलं."

"आई, बेदाणे घातलेत काय तुम्ही?"

"असतील की पंचवीस-तीस."

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. एखादं मूठभर खाऊन पचवतं, एखाद्याची मोजक्या दाण्यांत मूत्रपिंडं बंद पडतात. अमुक इतके चालतील असा हिशेबच नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या घरात डब्यांवर डबे असतात, आणि ही गोष्ट मी घरात कुणाला धड सांगितलेली नव्हती. चूक आईंची नाही, माझी.

खाऊन दीड तास झाला होता. घरी मिठाचं पाणी वगैरे काही पाजलं नाही, तुम्हीही पाजू नका. ह्यांनी स्कूटर काढली, मी मागं बसले, मधे वाकळीत गुंडाळलेला हळद्या. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकवलं. ट्रेमध्ये मी मोजले: १९. खोक्यात राहिलेले घरी जाऊन मोजले: ४. आईंचा आकडा आणि माझी बेरीज अजून जुळलेली नाही. दोन दिवस सलाईन, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनची तपासणी पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा ठीक आलं. तेवढे दिवस आई व्हरांड्यात बसून होत्या. चहा समोर ठेवला की साय धरेपर्यंत तसाच. "माझ्या हातनं घातलं गं मी," एवढंच.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगलीकरांनी लिहून ठेवावी. द्राक्षातलं नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंच घातलेली उरलेली आमटी बंद. भडंग तर लसणामुळं आधीच बंद होतं. बेदाणे आता माळ्यावर, स्टीलच्या डब्यात. डब्यावर आईंनी नातवाकडून लिहून घेतलंय: 'हळद्याचा न्हाय'.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या संध्याकाळी आम्ही भर रहदारीतून गेलो होतो. शंभरफुटी रस्ता, बस, ट्रक, सगळं. आणि वाकळीत तोंड खुपसलेला हा बहाद्दर हललासुद्धा नव्हता. नाक माझ्या काखेत, बाकी दुनिया गेली उडत.

म्हणून एप्रिलमध्ये तोच डाव टाकला. सकाळी साडेपाचला स्कूटरवर वाकळीसकट थेट हरिपूर रस्ता. लवकर जाण्याचं कारण ऊन. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, तोंडानं श्वास घेणं आणि नाकानं वास घेणं एकदम जमत नाही. साडेआठनंतर सांगलीच्या उन्हाळ्यात खेळ म्हणजे छळ. आणि डांबरावर आधी आपला पालथा हात टेकवून बघायचा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यालाही नाही.

छातीचा पट्टा, दहा फुटी दोर, आणि माझ्यासाठी एक नियम: तो थांबेल तिथं मी थांबायचं. पहिल्या दिवशी २५ मिनिटांत आम्ही एका चिंचेच्या झाडाच्या बुंध्याची एक बाजू पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. (पडलेल्या चिंचा मी पुढं जाऊन बाजूला करत होते. फिरायला येणाऱ्यांना वाटलं असेल, बाई चिंचा गोळा करायला येते.) तिसऱ्या दिवशी दुधाची गाडी धडधडत गेली. तो दबला, कान मागं, मी श्वास धरला. मग त्यानं नाक खाली घातलं आणि जिथं होता तिथूनच पुढं हुंगायला लागला. वहीतला पावलांचा रकाना मी त्या दिवशी खोडला आणि तिथं 'वास' लिहिलं.

मेच्या शेवटी आम्ही हरिपुरातल्या जुन्या पेवांच्या अंगाला पोचलो. जमिनीत खोल खणून हळद साठवायची ती पेवं, २००५ च्या महापुरानं पुष्कळशी निकामी केली. वर आता गवत आहे. हळद्यानं तिथं एक पाय उचलला (वाकडा, चांगला नव्हे) आणि बराच वेळ नाक जमिनीला लावून राहिला. नंतर माझ्याकडं आला, पदर हुंगला, परत तिथं गेला. त्याला काय जुळलं ते त्यालाच माहीत. मी खाली बसून थर्मासातला चहा प्याले.

जूनची नोंद लहान आहे. पहिला पाऊस ९ तारखेला झाला आणि ओल्या हवेत वास नीट लागतो, त्यामुळं परसातली डबी तो निम्म्या वेळात काढतो. तुळशीमागं ४० सेकंद, पाण्याच्या टाकीखाली ५५. ट्रक अजून आवडत नाहीत. फाटकातून मात्र स्वतः बाहेर पडतो, खांबाशी थांबत नाही.

आई आता रीतसर भिडू आहेत. त्यांचा आणि हळद्याचा गुणफलक फ्रिजवर लावलाय. काल संध्याकाळी त्यांनी डबी लपवली आणि हळद्या घर पालथं घालून थकला. स्वयंपाकघर, माजघर, परस, सगळं. सारखा आईंच्या मागं मागं, आई सारख्या घरभर फिरतायत, आणि तोंडावर असं हसू की मला संशय यायला हवा होता. शेवटी त्यानं त्यांची वाट अडवली, पोटाशी नाक लावलं आणि बसला. डबी त्यांनी कनवटीला खोचली होती.

"चालती जागा धरायची न्हाय," असा आईंनी वाद घातला. नातवानं गुण हळद्याला दिला. आई ३, हळद्या ११.