चार फूट ऊन

ते सगळं घर एका चौकावर बेतलं होतं. दक्षिणेला वाहता रस्ता, दोन्ही अंगांना शेजार. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना मोठी खिडकी एकही नाही. खोल्या उघडणार त्या मधल्या १४ फुटी चौकात. रस्त्याचा आवाज आणि नजरा अडाव्यात म्हणून दुमजली भाग मी रस्त्याकडे ठेवला होता. घर बांधून घेणाऱ्या ताईंची अट एकच: वडिलांना आता बाहेर पडवत नाही, त्यांना घरातच ऊन मिळालं पाहिजे.

आखणी २१ डिसेंबरला होती. गवंड्यांनी दोरी धरून जमिनीवर फक्कीच्या रेघा मारल्या. खुर्चीवर बसलेल्या काकांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, विचारलं, "मी बसणार कुठे?" मी उत्तरेची ओसरी दाखवली. "आणि ऊन?"

मी दुमजली भागाइतका उंच, २० फुटी बांबू चौकाच्या दक्षिणेच्या रेघेवर ओळंब्यात उभा करवला. साडेबाराला सावली मोजली: १८ फूट! चौक ओलांडून थेट ओसरीत. म्हणजे थंडीत फरशीला ऊन नाहीच, ओसरीत बसलेल्या माणसालाही नाही. माझ्या पोटात गोळा आला. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये मी मार्चचा सूर्य ठेवला होता. तेव्हा तो भर दुपारी क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, सावली जेमतेम ७ फूट. डिसेंबरात तोच ४८ अंशांपर्यंत उतरतो. तारीख बदलून पाहायचं राहून गेलं होतं. चूक माझीच, तसं तिथेच सांगितलं.

मग बांबूला ११ फुटांवर फडकं बांधलं, एका मजल्याच्या उंचीवर. त्याची सावली १० फुटांवर पडली. पुढे चार फूट ऊन.

"पण समोरच्या गच्चीवरून आत दिसेल ना?" ताई म्हणाल्या. तिथेच सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढून नजरेची रेघ ओढली. रस्त्याकडच्या खोल्यांचं छपरच आड येत होतं. समोरच्याला दिसेल तो फक्त आमचा मागचा वरचा मजला. दुमजली भाग उत्तरेला गेला. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, त्यासाठी चौकात खुरचाफा ठरवला. थंडीत त्याची पानं गळतात, उन्हाळ्यात भरतात. सावली हवी तेव्हाच देणारं झाड मला भिंतीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तोवर काकांनी खुर्ची स्वतःच सरकवली होती, फडक्याच्या सावलीच्या पलीकडे. दोन्ही हात गुडघ्यांवर उन्हात ठेवून ते गवंड्याला म्हणाले, "इथे खूण कर."