दोन गायींचा रस्ता

बोरीन म्हणजे आयर्लंडमधला अरुंद गावरस्ता. दोन्ही अंगांना झुडपांचं नाहीतर रचलेल्या दगडांचं कुंपण, मधोमध गवताची पट्टी, आणि समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मुकाट्याने गाडी मागे घ्यायची. ज्याने पाणंद पाहिली आहे त्याला जास्त सांगायला नको. हा शब्द इंग्रजी कोशांत आहे खरा, पण आयर्लंडबाहेर तो क्वचितच कुणाच्या तोंडी असतो.

मूळ आयरिश शब्द 'बोहरीन'. त्यातलं 'ईन' हे लाडाने लहान करणारं शेपूट, आपल्या 'सोनुली'तल्या 'उली'सारखं. घरी चोरून गाळलेल्या दारूला तिकडे 'पोटीन' म्हणतात, म्हणजे छोटं भांडं! शेपूट काढलं की उरतो 'बोहर', रस्ता. लिहिताना त्यात 'टी' आणि 'एच' अशी दोन अक्षरं, उच्चार मात्र नुसता 'ह'. त्यातून हा शब्द एका रूपात राहील तर शपथ. प्रमाण आयरिशमध्ये 'रस्त्यावर' म्हणायचं तर 'बोहर'चा 'मोहर' ऐकू येतो, आणि 'रस्त्याचा' म्हणताना तोच 'ब' 'व'कडे झुकतो. आपल्याकडे विभक्ती लागली की 'रस्ता'चं 'रस्त्या' होतं, बदल शेवटाकडे. आयरिश शब्द तोंडच फिरवतो. नवशिक्याने कोशात शोधायचं तरी कुठल्या अक्षराखाली?

बोहरमधला 'बो' म्हणजे गाय. रस्ता म्हणजे गुरं जायची वाट, एवढंच. इसवी सन 900च्या सुमाराला कॉर्मक या राजा-बिशपच्या नावावर असलेला एक शब्दसंग्रह तयार झाला. त्यात बोहरचं माप दिलं आहे: दोन गायी मावल्या पाहिजेत, एक उभी आणि एक आडवी. मला हे माप फार आवडतं. फूट-मीटरात रुंदी कळते, पण वाहतुकीचा स्वभाव कळत नाही. रस्त्यात आडवं उभं राहायला गायीला कारण लागत नाही, हे त्या कोशकाराने गृहीतच धरलं होतं.

हा 'बो', इंग्रजीतली 'काऊ' आणि संस्कृतातला 'गो' ही एकाच प्राचीन शब्दाची लेकरं. तिकडे गायीतून रस्ता निघाला; इकडे गोष्ठातून गोठा निघाला आणि गोष्टही. गुरं बांधायच्या जागी माणसं जमली की गप्पा व्हायच्याच.

इंग्रजीने सामान्य नाम म्हणून घेतला तो धाकटा बोरीन. थोरला बोहर गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांत वेषांतर करून राहिला. डब्लिनमधलं स्टोनीबॅटर म्हणजे दगडांचा रस्ता. इंग्रजी कानांनी 'बोहर'चं 'बॅटर' केलं आणि अर्थ थेट भज्यांच्या पिठापर्यंत गेला. त्याच शहराजवळचं बूटर्सटाउन हे रस्त्याचं गाव, बुटांचा काही संबंध नाही.

पुढे आगगाडी आली. तिच्या मार्गाला आयरिशमध्ये एक नाव पडलं 'लोखंडी बोहर'. आयर्लंडच्या रुळांमधलं अंतर 1600 मिलिमीटर, इतरत्र रूढ असलेल्या 1435पेक्षा चांगलंच ऐसपैस. तरी कॉर्मकची आडवी गाय काही त्यात मावायची नाही.