कूलरच्या भंगारातला बैल

नागपुरात पाऊस नीट लागला की घरोघरी कूलर आवरायला घेतात. खस काढायची, पंप धुऊन ठेवायचा, आणि टप खालून गळायला लागला असेल तर अख्खा कूलर कबाड्याला देऊन टाकायचा. त्यामुळे जुलैत आमच्या नंदनवनातल्या कबाड्याकडे माणसाच्या उंचीचा ढीग लागतो. मी तिथे गेले होते ते स्टँडसाठी. कूलरचे स्टँड अँगलचे असतात, सरळ असतात, आणि मला पाय हवे होते. बैलाचे.

मी शाळेत ड्रॉईंग शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्थिरचित्रं काढून घेण्यात बावीस वर्षं गेली. वेल्डिंगकडे वळले तीन वर्षांपूर्वी, घराची ग्रील करून घेताना. मिस्त्री रॉड टेकवत होते आणि दोन सुटे तुकडे क्षणात एक होत होते. मातीकाम मी केलेलं आहे. माती वाळायची वाट बघावी लागते, तडे जातात. इथे जोडलं की उभं! उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याच दुकानात शिकायला जाऊ लागले. फी म्हणून त्यांनी फक्त माझ्या वाटचे रॉड माझे मी आणायला सांगितले. ते मी इतवारीच्या लोहाओळीतून आणायचे.

पहिले पंधरा दिवस रॉड चिकटण्यात गेले. चिकटला की हिसका मारून सोडवायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा चिकटायचा. अडीच एमएमचा रॉड, मशीन सत्तर-ऐंशी अँपिअरवर, आणि रॉडचं टोक लोखंडापासून साधारण रॉडच्या जाडीइतकंच लांब. एवढंच गणित आहे, पण ते हाताला कळेपर्यंत डोक्याला कळून उपयोग नसतो. मिस्त्रींनी मला ते कानाने शिकवलं. "भजे सोडल्यावर तेलाचा आवाज येते ना मॅडम, तसा पाहिजे. फटफट कराले लागलं का समजा, दूर गेले तुम्ही." अजूनही मी काचेतून बघण्याआधी ऐकते.

हात बसला तसा प्रश्न आला, करायचं काय? माझ्या वहीत चाळीसेक रेखाटनं होती आणि एकही लोखंडात उतरत नव्हतं. पहिलं काही जमलं ते बैलाचं तोंड. जुनी सायकलची सीट उलटी धरली, हँडल शिंगांसारखं वर लावलं, आणि स्वतःवरच खूश झाले. स्टाफरूममध्ये फोटो दाखवला तर आमचे इतिहासाचे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे पिकासोनं 1942 मध्ये केलंय." केलं होतं, अगदी हेच. कॉलेजात शिकताना मी ते बघितलेलंही असणार, आणि आपलंच म्हणून वर आलं. दोन दिवस तोंड पाडून बसले होते.

मग पिकासोच्या वाटेनेच मागे गेले तर हुलिओ गोन्झालेस भेटला. लोखंडी शिल्पात पिकासोला हात देणारा शिल्पकार तो हाच. याने वेल्डिंग शिकलं ते 1918 च्या सुमारास, रेनॉच्या कारखान्यात काम करताना, आणि ज्या शिल्पांमुळे तो ओळखला जातो ती पन्नाशी ओलांडल्यावर केली. मी तेव्हा सत्तेचाळीसची. मनात म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत.

बैल मात्र सोडवेना. नागपूरकडच्या माणसाला बैल म्हटलं की तान्हा पोळा आठवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचा लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागत फिरतात. माझ्या नंदीचं एक चाक कायम निघायचं आणि तो मी अर्धा रस्ता काखेत घेऊन जायचे. तसा, चाकांवरचा, लोखंडाचा करायचा ठरवला. पाठ म्हणून एका टेम्पोच्या पाट्याचा, म्हणजे चाकाजवळच्या पट्टीच्या स्प्रिंगचा, तुकडा मिळाला. त्याचा बाक जन्मजात बैलाचा. पण पाटा स्प्रिंगचा पोलाद, त्यात कार्बन जास्त. थंडच वेल्ड केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्याशेजारी केसाएवढी भेग. पुन्हा करताना मिस्त्रींनी आधी गॅसच्या टॉर्चने तापवून दिला आणि नंतर राखेत पुरून हळूहळू निवू दिला. वशिंड घमेल्याच्या कापलेल्या गोलाईचं, शिंगं वाकवलेल्या सळईची, फासळ्या जुन्या खिडकीच्या चौकोनी बारच्या, पाय कूलरच्या स्टँडचे. कान म्हणून कूलरच्या पंख्याची दोन पाती. चाकं बेअरिंगची, पोरांच्या गाडीला असतात तशी.

सांगाडा आठ दिवसांत उभा राहिला. माझ्या डोक्यात मात्र चितारओळी होती. तिथे गणपती घडताना लहानपणापासून बघितलेत. आत तणसाचा आकार बांधतात आणि वर माती चढते. म्हणजे सांगाडा झाला की आता अंग चढवायचं, यात मला शंकाच नव्हती. कूलरचा पत्रा पडलेला होताच.

मिस्त्री लांबून बघत होते. "एवढा मोठा पोटाचा बैल कोनाजवळ राह्यते जी आपल्याकडे?" मी हसून सोडून दिलं.

कूलरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. हे मला माहीत होतं. मुलामा ग्राइंडरने घासून काढायचा, मगच वेल्डिंग करायचं, हेही सांगितलेलं होतं. पण पोळा जवळ आलेला, बाहेर पाऊस, म्हणून शटर अर्धं ओढलेलं. चार पत्रे तर आहेत, म्हटलं लावून टाकू. जस्त 907 अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात, म्हणजे लोखंड पातळ होण्याआधीच जस्ताची वाफ झालेली असते. पांढरा धूर निघाला आणि त्यातून सावरीच्या म्हाताऱ्यांसारखे पांढरे पुंजके तरंगायला लागले. चक्क सुंदर दिसत होते. माझ्या तोंडाला होता तो साधा रुमाल.

रात्री दहाला थंडी वाजली. ऑगस्टात दोन गोधड्या. अंग मोडून आलेलं, ताप, आणि जिभेवर गोडसर, पैसा चोखल्यासारखी चव. मला वाटलं डेंग्यू. डॉक्टरांनी दिवसभर काय केलं ते विचारलं आणि तिथेच उलगडा झाला. याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात, एक-दोन दिवसांत उतरतो. मिस्त्रींनी फोनवर दूध प्या म्हणून सांगितलं. वेल्डिंगवाल्यांत हा उपाय सगळीकडे आहे. मी प्यायले, पण डॉक्टरांच्या मते दुधाने यात काही होत नाही. मुलामा काढा, हवा खेळती ठेवा, धुराचा मास्क लावा. त्या एका ग्लासाच्या भरवशावर कितीजण वर्षानुवर्षं हा धूर ओढत असतील, याचा मला खरंच राग येतो.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेले. मिस्त्रींनी मला न विचारता ते चारही पत्रे ग्राइंडरने कापून काढले होते. "सडलेले जोड होते," एवढंच बोलले. शटर वर होतं. पाऊस थांबलेला, उन्हं तिरपी येत होती आणि फासळ्यांमधून आरपार जाऊन फरशीवर पडत होती. फरशीवरच्या सावलीत बैल होता. पाठीचा बाक, आत गेलेली कूस, खाली झुकलेली मान. यवतमाळच्या रस्त्याला उन्हाळ्यात दिसतो तोच. मी खाली बसले. स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी खपली, झाडायची राहिली होती ती हातोडीने झाडली, दोन टोकदार कडा घासल्या. पत्र्याला पुन्हा हात लावला नाही.

रंग द्यायचा नव्हता. लोखंड थोडं तापवून त्यावर उकळलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळलं. त्याने गंज थोपतो आणि काळसर तपकिरी झाक येते. (ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळी पसरून वाळवायची.) पावसाळी हवेत मात्र ते वाळता वाळत नाही.

तान्ह्या पोळ्याला बैल घरी आणला. कबाड्याच्या काट्यावर चौतीस किलो भरला. काटा फुकट वापरू दिल्याबद्दल त्याने बैलाचा भावही विचारून घेतला, किलोनेच. गल्लीतल्या तीन पोरांनी दोरी लावून ओढला तर बेअरिंगचा असा खडखडाट झाला की लोक गॅलरीत आले. पहिल्याच घरच्या काकूंनी ताट आणलं. पायांवर पाणी घातलं, शिंगांमध्ये कुंकू लावलं आणि बोजारा म्हणून दहाची नोट वशिंडावर ठेवली. पोरगं नोट उचलायला गेलं तर ती तेलाला चिकटलेली. ओढली तशी फाटली. अर्धी अजून वशिंडावरच आहे.