ज्याला हेडच नाही असा पंप

गिऱ्हाईक पंप घ्यायला आलं की मी आधी एकच विचारतो, पाणी कुठं न्यायचं आहे? किती फूट वर (यालाच आम्ही हेड म्हणतो), किती फूट लांब, पाइप किती इंची. एवढं कळलं की एचपी आणि स्टेज मी तोंडी सांगतो. वरूड-मोर्शी हा आमचा संत्र्याचा पट्टा, भूजलाच्या नकाशावर डार्क झोन, म्हणजे जमिनीखालचं पाणी उपसून संपत आलेला भाग. इथं आठशे-नऊशे फुटांच्या बोअरचं कोणाला नवल वाटत नाही. २२ वर्षं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतोय, आणि पाणी कुठंच न्यायचं नाही असं गिऱ्हाईक मला एकदाच भेटलं. त्याचं काम माझ्यामुळं बिघडलं की पंपावरच्या चुन्यामुळं, हे माझं अजून ठरत नाही. म्हणून लिहायला बसलो.

शेतातच बंगला बांधलेले एक बागायतदार, आमचे भाऊ, हेच ते गिऱ्हाईक. आंबिया बहराला भाव बरा मिळाला त्या वर्षी बारावीतल्या मुलीच्या हट्टापायी त्यांनी नागपूरहून समुद्री माशांची आणि प्रवाळाची टाकी आणली. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता ३८० लिटर पाणी. हे पाणी म्हणजे नऊशे फुटांवरून उपसायचं, आरओमधून काढून त्यातले क्षार घालवायचे आणि मग लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबानं विकतचं समुद्री मीठ घालायचं. पहिल्या भरण्याला तेरा किलोच्या वर मीठ लागलं. गावातली म्हातारी माणसं मुद्दाम येऊन पाहून गेली आणि जाताना काही बोलली नाहीत.

दिवाळीच्या सुमारास त्या टाकीचे पॉइंट काढायला मीच गेलो होतो. घरातला इन्व्हर्टरही माझाच, चार वर्षांपूर्वी दिलेला. साधा, चौकोनी वेव्हचा. पंखे आणि बल्बसाठी गावात सगळीकडे तोच जातो, कारण लाइनीसारखी गुळगुळीत वीज देणाऱ्या साइन वेव्हवाल्याची किंमत ऐकली की माणूस चहा पिऊन निघून जातो.

मे महिन्यात एकदा पहाटे साडेपाचला भाऊंचा फोन आला.

"मिस्त्री, टाकीची मोटर घुमून रायली पन फिरून नाई रायली. मासे मेले. पोट्टी रडून रायली. लवकर या ना जी."

मे म्हणजे आमचा हंगाम. पारा पंचेचाळिसाच्या वर, बागा जगवायची धडपड, आणि रात्रपाळीच्या लायनीवर जळालेल्या मोटरी दुकानासमोर ओळीनं आडव्या पडलेल्या. त्यांच्या मालकांना सोडून मी काचेच्या टाकीकडे निघालो तेव्हा माझा हाताखालचा पोट्टा हसला. मीही हसलो असतो. पण पोरीचं नाव निघालं होतं.

पोचलो तेव्हा लाइन येऊन दहा मिनिटं झाली होती आणि टाकीत बुडवलेला, पाणी ढवळणारा पंप, ज्याला वेव्हमेकर म्हणतात, झकास फिरत होता. टाकीत एक निळा मासा, ती त्याला टँग म्हणते, कुशीवर पडलेला. त्याच्याशेजारी एक लहान पिवळा. नारिंगी पट्ट्यांची जोडी तेवढी वर, पृष्ठभागाला तोंड लावून जिवंत होती. लाइन रात्री एकला गेली होती. म्हणजे साडेचार तास.

मला आधी पटेना. साडेचार तास पंप बंद राहिला तर मासा मरतो? आमच्या तळ्यातले तर वर्षभर पंपाशिवाय राहतात. ते गणित पोरीनंच रडत रडत सांगितलं. खारट पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी मावतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. दिवसा दिव्याखाली प्रवाळाच्या आतलं शेवाळ ऑक्सिजन बनवतं. रात्री ते बनवणं थांबतं आणि टाकीतला प्रत्येक जीव नुसता श्वास घेतो. पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. पंप पाणी ढवळून वर आणतो, तिथं ते हवेला लागतं. पंप थांबला की टाकीचं नाक दाबलं.

मी मेनचा एमसीबी पाडला. इन्व्हर्टर टक करून चालू झाला. पंपातून घर्रर्र असा आवाज आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंप काचेला धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या चुंबकावर आणि मूठ कानाला लावली. कॉइल थरथरत होती, आत रोटर जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे आपटत होता, पंखा ढिम्म.

या लहान पंपांची रचना मला फार आवडते, ती जरा सविस्तर सांगतो. याला ना कपॅसिटर, ना स्टार्टर. रोटर म्हणजे एक कायमचं चुंबक, मध्ये चिनी मातीचा शाफ्ट, दोन टोकांना रबरी बुश. बाहेर सीलबंद कॉइल. करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो आणि चुंबक त्याच्यामागं धावतं. पण थांबलेलं चुंबक एकदम पळू कसं शकणार? म्हणून कारागिरानं एक सुंदर सोय केलेली असते. चुंबक आणि पंखा घट्ट जोडलेले नसतात, मध्ये थोडी मोकळी चाल असते. चुंबक आधी रिकामं गिरकी घेतं, वेग पकडतं, मग त्याचा खटका पंख्याच्या खटक्याला लागतो आणि पाण्याचा भार उचलला जातो. बैलगाडीला जुंपलेला बैल सापत्या ताणल्यावर जोर लावतो, तसंच.

रोटर उपसून बघितला तर ती मोकळी चाल चुन्यानं भरलेली. पांढरा, खरखरीत थर. समुद्राच्या टाकीत कॅल्शियम मुद्दाम राखलेलं असतं, आणि पंपाची गरम जागा त्याला बसायला बरी पडते. महिन्या-दोन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ब्रश मारायचा, एवढंच काम. सहा महिन्यांत कोणी केलं नव्हतं.

"चुना बसला होता," मी भाऊंना सांगितलं. त्यांनी पोरीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

सांगितलं ते खरं होतं. पण स्वच्छ केलेला रोटर बसवून मी इन्व्हर्टरवर पंप दहादा चालू-बंद करून बघितला, तेव्हा सातदा पकडला आणि तीनदा नुसता घुमला. मेनवर दहापैकी दहादा. चौकोनी वेव्ह म्हणजे करंटला चढ-उतार नाही, नुसते धक्के. पंख्याला चालतं, तो थोडा आवाज करून फिरतो. या पोरसवदा चुंबकाला ते धक्के झेपत नाहीत.

तिथंच, टाकीखालच्या कप्प्यात, तिची वही होती. रोजचं तापमान, खारटपणा, माशांनी खाल्लं की नाही, सगळं तारीखवार. मी पंपाच्या खरेदीची तारीख बघायला मागची पानं चाळली. दिवाळीच्या आठवड्यातली एक ओळ होती : "वेव्हमेकर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. काकांना विचारलं, चालेल म्हणाले."

तिनं विचारलं होतं. मला आठवतही होतं. मी शिडीवर होतो, तोंडात स्क्रू होता, आणि म्हणालो होतो, "पंखा चालते ना त्याच्यावर? मग हे काहून नाई चालणार?"

वही परत ठेवली आणि नवे पंप कसले घ्यायचे ते मी बघतो म्हणालो. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि इथं माझी २२ वर्षांची विद्या उताणी पडली. टाकीखालच्या सम्पमधून, म्हणजे खालच्या छोट्या हौदातून, पाणी वर ढकलणारा जो पंप असतो तो मला कळतो. खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं, पण ते शून्य हेडला. इथं तर पाइप पाच फूट वर चढतो. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेतलं, बादली ४८ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी १,५००. निम्मं. शेतकऱ्याला हे समजवायला मला आयुष्य लागलं, आणि शहरातले शिकलेले दुकानदार अजून खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतात.

पण वेव्हमेकरला हेडच नाही. पाण्यातच बुडून तो पाण्यालाच ढकलतो. उंची शून्य, पाइप नाही. म्हणून तो तीस वॅटच्या आत हजारो लिटर हलवतो. नागपूरच्या दुकानदारानं ताशी १२,००० लिटरचा एकच मोठा पंप एका कोपऱ्यात बसवून दिला होता. भागाकार केला तर टाकीच्या ३१ पट. मोठा घेतला म्हणजे चांगला घेतला, हा आपल्याकडचा रोगच आहे. दोन एकराला साडेसातची मोटर मागणारे माझ्याकडे रोज येतात.

पोरीनं सांगितलं की वेग प्रवाळाच्या जातीवर ठरतो. दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या कडक जातींना २० ते ४० पट, कधी त्याहून जास्त लागतं. पण त्या जाती तिच्याकडे नाहीत आणि ती घेणारही नाही, कारण रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. आमच्या एका बाजूला मेळघाट, दुसरीकडे पेंच, वाघाची यादी काय असते हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही. तिच्याकडे मऊ जाती आहेत, बटणांसारखे झोअँथिड, मशरूम, चामड्यासारखा एक मोठा. त्यांना १० ते २० पट पुरे. तो चामड्यासारखा सहा महिने एका बाजूनं मिटलेला होता, कारण पंपाची धार थेट त्याच्या अंगावर होती. आणि मागच्या दगडांच्या आड माशांची घाण साचून काळी पडली होती. पुढं वादळ, मागं डबकं.

हे डबकं मोजायचं कसं? बादली इथं चालत नाही. मग मी दुकानातून मोटरच्या स्लॉटमध्ये ठोकायची बांबूची कोरी पट्टी आणली आणि वाइंडिंग बांधायच्या सुती दोऱ्याचे पाच तुकडे एकेक बोट अंतरावर तिला बांधले. पट्टी टाकीत उभी धरून कोपऱ्या-कोपऱ्यात फिरवली. दोरा ताठ आडवा झाला तिथं धार जास्त. लुळा लोंबला तिथं मेलेली जागा. डुलत, वळवळत, दिशा बदलत राहिला तर बरोबर. पोरगी टाकीचा नकाशा काढून त्यावर खुणा करत होती. एकवीस जागा तपासल्या, नऊ मेलेल्या. एवढं समाधान मला पाच एचपीची मोटर पहिल्या झटक्यात पाणी फेकते तेव्हाही होत नाही.

ठरलं ते असं. एका मोठ्याऐवजी दोन लहान, प्रत्येकी ४,००० लिटरचे. दोन टोकांना, समोरासमोर नाही, जरा तिरपे, काचेवर धार आपटून फुटेल असे. एक वाढतो तेव्हा दुसरा उतरतो, म्हणजे पाण्याला एकच एक दिशा राहत नाही. निमुळत्या तोंडाचे नकोत, रुंद पंख्याचेच. आणि दोन्ही डीसी, २४ व्होल्टचे, वेग कमी-जास्त होणारे. डीसीचं एक कारण उष्णता. पंप जेवढी वीज खातो ती शेवटी पाण्यातच ऊब होऊन राहते. आधीचा वेव्हमेकर आणि सम्पचा पंप मिळून १०० वॅटच्या आसपास होते. तासाला ८६ किलोकॅलरी, ३८० लिटरला जवळपास पाव अंश. बाहेर फुफाटा, टाकीवर पंखा मारून कसंबसं २७ अंश राखायचं, आणि आतून आपणच शेगडी पेटवून ठेवायची.

दुसरं कारण बॅटरी. या पंपांच्या कंट्रोलरला १२ व्होल्टची वेगळी पिन येते. लाइन गेली की पंप बॅटरीवर हळू चालत राहतो. मध्ये इन्व्हर्टरच नाही. तिथं मी ट्रॅक्टरची ८० अँपिअर-अवरची बॅटरी लावली, नवी, माझ्या पैशानं. घरातला इन्व्हर्टरही बदलून साइन वेव्हचा दिला, खरेदीच्या भावात. भाऊ म्हणाले, "काहून जी, जुना तर चांगला आहे?" मी म्हणालो, कंपनीची स्कीम आहे. खोटं होतं.

पोरगी दारापर्यंत आली. "काका, चुना तर महिनाभर आधीपासून असंल ना. मग त्याच आठवड्यात दोनदा लाइन गेली तवा पंप कसा चालला?"

"दहातून तीनदा नाई पकडत तो," मी म्हणालो. "साफ असला तरी. इन्व्हर्टरवर."

तिनं मान हलवली. तिला कधीचं माहीत होतं की तेव्हाच कळलं, मला सांगता येत नाही. चुना नसता तर त्या रात्री पंप सुरू झाला असता? दहातून सातदा. मग तिसऱ्या, सातव्या की कितव्या वेळी त्या माशाची पाळी होती? हा हिशेब मी मोटर गुंडाळताना करत असतो आणि वेढे मोजायला चुकतो.

पंप पुढच्या शनिवारी आले. बसवून झाल्यावर रात्री अकराला मेन पाडला. दोन्ही पंप क्षणभर अडखळले आणि हळू फिरू लागले. बांबूची पट्टी घातली, दोरे डुलले.

"किती वेळ चालंल काका? दोन रात्री चालंल ना?"

चालेल, असं तोंडावर आलं होतं. क्लॅम्प मीटर लावला. दोन्ही मिळून दीड अँपिअर. कागदावर निम्मी बॅटरी धरून सव्वीस तास निघत होते, पण कागदावर तर पंपही ३,००० लिटर देत होता.

"थांब, पाहू," म्हणालो.

भाऊंनी खुर्ची आणि चहा दिला. रात्रपाळीची लाइन आली तशा बाहेर एकेक करून बोअरच्या मोटरी सुरू झाल्या. मी दर तासाला बॅटरीचं व्होल्टेज सांगत होतो आणि ती वहीत लिहीत होती. १२.७, १२.६, १२.६. तीन वाजता ती सोफ्यावरच झोपली. पुढचे आकडे मी माझ्या अक्षरात लिहिले.