तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माझ्या डोमेनचे किती येतील?’

वाशीत सेक्टर १७ ला माझं छोटं ऑफिस आहे, वेबसाइटी बनवून देण्याचं. गेल्या काही वर्षांत वेबसाइटपेक्षा मला हाच प्रश्न जास्त विचारला गेलाय: ‘माझ्याकडे एक नाव आहे, त्याचे किती येतील?’ नाव म्हणजे डोमेन, वेबसाइटचा पत्ता. ताजा प्रश्न आमच्या नेरुळच्या सोसायटीतल्या काकांचा. त्यांच्या पुतण्याने चाळीस नावं घेऊन ठेवलीत. उलवे, पनवेल, एअरपोर्ट या शब्दांपुढे फ्लॅट्स, प्रॉपर्टी, टॅक्सी असं काय काय जोडलेलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली, आता नावांना भाव येणार असा त्याचा हिशेब. काकांनी लिफ्टमध्येच विचारलं, “एकेकाचे लाख तरी धरायचे ना गं?”

लिफ्टमध्ये मी “बघू” म्हणाले. खरं उत्तर लांब आहे.

नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला डोमेन समजायला खरं तर सोपं जायला हवं. आमच्या बाबांनी घर घेतलं तेव्हा कळलं की जमीन आपली नाहीच, सिडकोची आहे, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. डोमेनचंही तसंच, फक्त भाडेपट्टा लहान. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात, बहुतेक लोक एकेका वर्षाचे भरतात. डॉट कॉमचं मूळ रजिस्टर व्हेरिसाइन नावाची कंपनी सांभाळते आणि सप्टेंबर २०२४ पासून ती दुकानदाराकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, एका नावाचे वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर दुकानदाराचा नफा आणि जीएसटी चढून आपल्याला हजार-बाराशेच्या आसपास पडतं. डॉट इनचं रजिस्टर निक्सी या भारतातल्या संस्थेकडे. म्हणजे ‘माझं डोमेन’ हे बोलण्यापुरतं. वर्गणी थांबली की नाव गेलं.

पण प्लॉटशी तुलना इथेच संपवावी. उलव्यात प्लॉट मोजके आहेत. नावं मोजकी नाहीत. तुम्ही उलवे-फ्लॅट्स अडवून धरलंत तर पलीकडचा फ्लॅट्स-इन-उलवे घेतो, नाहीतर मधे आडवी रेघ टाकतो, नाहीतर डॉट इन घेतो, आणि तेही हजार रुपयांत. त्यामुळे बहुतेक नावांची खरी किंमत तीच, जी तुम्ही दुकानात मोजलीत. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, पण मी काय करू.

पुतण्याचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. चाळीस नावं, अकराशेने धरली तरी वर्षाला चव्वेचाळीस हजार. या धंद्यात मुरलेली माणसं सांगतात की शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली गेली तरी माल बरा म्हणायचा. चाळीसाला ते अर्धं-पाऊण नाव झालं. म्हणजे साधारण दोन वर्षांत एक विक्री, आणि तोवर अठ्ठ्याऐंशी हजार गेलेले. विक्री नावांच्या ऑनलाइन बाजारामार्फत झाली तर पंधरा-वीस टक्के दलाली. तेव्हा ते एक नाव एक लाख दहा हजाराला गेलं, तर कुठे हिशेब शून्यावर येतो. पुतण्या म्हणाला, “पण त्या साइटवर एकाची किंमत दोन हजार डॉलर दाखवतायत.” दाखवतात. फुकटात किंमत सांगणारी यंत्रं बहुधा नावं विकणाऱ्यांचीच असतात. नावातले शब्द आणि जुन्या विक्र्या चाळून ती आकडा काढतात. त्या नावाचं गिऱ्हाईक आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. भाव बघायचाच तर नेमबायो या साइटवर बघावा, तिथे झालेल्या विक्र्यांची नोंद असते. फक्त तुलना आपल्यासारख्याच मालाशी करावी: तेच शेपूट (डॉट कॉम की डॉट इन), तेवढीच लांबी, तशाच शब्दाचं वजन. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला गेलं हे खरं आहे. ते वाचून उलवे-टॅक्सीची किंमत ठरवणं म्हणजे बाजारात तुरी.

मराठी नावांचं आणखी एक दुखणं आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नाव फोनवर सांगितलं की समोरच्याला न विचारता टाइप करता आलं पाहिजे. आता लोणचं घ्या. रोमन लिपीत शेवटी ए की ई? मधला ‘ण’ साधा एन, की पुढे आणखी एक ए? दहा जण लिहायला बसले तर चार लोणची तयार होतात. थाळी, पोळी, मिसळ यांतला ‘ळ’ तर रोमनमध्ये गेला की ‘ल’च होतो. म्हणून ज्या शब्दाचं रोमन स्पेलिंग दुकानांच्या पाट्यांवर आधीच ठरून गेलंय त्याला मी जास्त मोल देते, मग शब्द कितीही साधा असो. देवनागरीतच लिहायची सोय २०१४ पासून आहे, डॉट भारत. मला ती मनापासून आवडते. माझ्याकडे मात्र आजवर एकाही गिऱ्हाइकाने ते नाव विकत मागितलेलं नाही.

मग भाव येतो कुठून? ज्या एका माणसाला नेमकं तेच नाव हवंय त्याच्या गरजेतून. असा माणूस नसेल तर दुसऱ्या सटोडियाला विकायचं, आणि तो घाऊक भाव देतो, फार तर किरकोळीचा दहावा हिस्सा. एकाच नावाला पाच हजारही खरे आणि पन्नास हजारही खरे, दारात कोण उभं आहे त्यावर ठरतं. तेव्हा समोरचा कोण आहे हे कळणं, यातच अर्धी घासाघीस आली.

ते मी एपीएमसीतल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यासाठी नाव घेताना शिकले, २०१९ मध्ये. शेठचं दुकान जुनं, वेबसाइट डॉट इनवर, आणि डॉट कॉम अमेरिकेतल्या कुणीतरी घेऊन ठेवलेलं. मी माझ्या साध्या जीमेलवरून दोन ओळी लिहिल्या: नाव विकायचं आहे का, असल्यास किंमत कळवा. खोटं काही लिहिलं नाही, पण कोणासाठी हवंय तेही लिहिलं नाही. उत्तर आलं, अठराशे डॉलर. शेठ म्हणाले, “मॅडम, लगेच हो म्हणू नका. आंब्याच्या गाळ्यावर रुमालाखाली बोटं दाबतात ते उगीच नाही. भाव दोघांतच राहिला पाहिजे.” बरोबर होतं त्यांचं. आठवडाभर थांबून नऊशे सांगायचे असं आमचं ठरलं.

त्या आठवड्यात शेठच्या चिरंजीवांनी, मदत करायची म्हणून, त्याच माणसाला कंपनीच्या मेलवरून चौकशी पाठवली. खाली सही: नाव, हुद्दा, कंपनीचा लोगो, ‘दुबई आणि मस्कतला निर्यात’. पुढचं उत्तर चार हजार डॉलरचं. रुमाल उडाला होता. तीन आठवडे मेल चालले. ‘डॉट इनवर आमचं बरं चाललंय’ हे मी लिहिलं, आणि ते खरंही होतं, म्हणूनच लिहिता आलं. शेवटी अडीच हजार डॉलरवर सौदा ठरला, तेही दहा महिन्यांच्या हप्त्यांनी. पहिल्या अठराशेवर सातशे डॉलर जास्त गेले, म्हणजे तेव्हाच्या सत्तर रुपयांच्या डॉलरने ती सही शेठना एकोणपन्नास हजारांना पडली. चिरंजीव आता माझ्याशी जपून बोलतात.

हप्त्यांची सोय असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घेणाऱ्याला ती सोयीची आणि विकणाऱ्यालाही, कारण आकडा महिन्यावर आला की तोंडातून निघणारा नकार घशात अडकतो. पैसे आधी की नाव आधी, यावरून मात्र भांडू नये. मधे एस्क्रो, म्हणजे भरवशाचा तिसरा, ठेवावा: पैसे त्याच्याकडे, नाव घेणाऱ्याच्या खात्यात पोचलं की पैसे विकणाऱ्याला. पैसे एस्क्रोत पोचण्याआधी विकणाऱ्याने ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायचा परवलीचा शब्द, कुणाला देऊ नये, तो म्हणजे घराची किल्ली. आणि घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी त्या नावावर पूर्वी काय चालत होतं ते जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर पाहून घ्यावं. एका डॉक्टरांसाठी शोधलेल्या छानशा नावावर आधी दोन वर्षं जुगाराचं दुकान निघालं. सोडून दिलं.

विकणाऱ्यांना गाठणारा एक जुना सापळाही सांगते, कारण पुतण्या त्यात पाऊल टाकून बसला होता. मेल येतो: तुमचं नाव पाच हजार डॉलरला घेतो, फक्त आमच्या गुंतवणूकदाराला अमुक ठिकाणचं मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राची फी तुम्ही भरायची. भरली की गिऱ्हाईक गायब. प्रमाणपत्र विकणारा आणि गिऱ्हाईक एकच. नावाच्या चौकशीसाठी गिऱ्हाईक तुमच्याकडून पैसे मागूच शकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घेऊन बसलेलेही येतात माझ्याकडे. “कंपनीला घ्यावंच लागेल ना ताई?” नाही घ्यावं लागत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, रेडिफच्या नावातलं एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ घेतलेल्याला अडवताना सांगितलं होतं की डोमेन नेमला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. डॉट कॉमसाठी आयकॅनची, म्हणजे जगभरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेची, तंट्यांची व्यवस्था आहे, डॉट इनसाठी वेगळी आहे. आणि गंमत बघा, ‘किती देता?’ असं तुम्ही त्या कंपनीला हौसेने लिहिलेलं पत्रच तिथे तुमच्या विरुद्ध पुरावा होतं. २०२४ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम आधीच घेऊन ठेवलेल्या दिल्लीच्या तरुणाची गोष्ट सगळ्यांना आठवते. त्याने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, रिलायन्सने ते मानलं नाही असं त्यानेच जाहीर केलं. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. लोक यातला केंब्रिजचा भाग तेवढा लक्षात ठेवतात.

माझीही एक गोष्ट आहे, ती मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही. घरगुती डब्यांच्या एका कामासाठी मी दोन मराठी शब्दांचं एक नाव घेतलं होतं. काम झालं नाही, नाव राहिलं. सहा वर्षांनी पुण्याहून एका नव्या कंपनीचा फोन आला, पंधरा हजार देतो म्हणाले. माझे तोवर सहा-सात हजार गेले होते. दुप्पट मिळत होते. पण त्याच महिन्यात मी कुठल्यातरी मोठ्या विक्रीबद्दल वाचलं होतं, आणि मी दीड लाख सांगितले. फोनवरचा मुलगा हसला नाही, “कळवतो” म्हणाला. चार दिवसांनी पाहिलं तर त्यांनी नावाच्या पुढे ‘आपलं’ लावून हजार रुपयांत काम भागवलं होतं. मी पंचवीस-तीस सांगितले असते तर वीसला सौदा ठरला असता, हे मला आता कळतं. मुख्य चूक आकड्याची नव्हती. त्यांच्याकडे दुसरा रस्ता किती स्वस्त आहे, हे मी फोन उचलण्याआधी दोन मिनिटं बसून पाहायला हवं होतं. ते नाव मी पुढे दोन वर्षं हट्टाने भरलं आणि मग सोडून दिलं.

तेव्हापासून विकायच्या नावावर मी आकडाच लिहून ठेवते. ‘ऑफर द्या’ अशी पाटी लावली की पाचशे रुपये सांगणारे येतात आणि खरं गिऱ्हाईक लाजून निघून जातं. आकडा असा, की समोरच्या दुकानदाराला तो पाटी रंगवण्याच्या खर्चात बसवता येईल. स्थानिक धंद्याच्या बऱ्या नावाला पंधरा ते चाळीस हजार, हा माझा अनुभव. त्यावरचं मागायचं असेल तर पुढच्या दहा वर्षांच्या वर्गण्या भरायची तयारी हवी, आणि घरात कुणी विचारलं तर गप्प बसायचीही.

काकांच्या पुतण्याने शेवटी बत्तीस नावं सोडायची ठरवली, आठ ठेवली. परवा रात्री काकांचा फोन. आठातल्या एका नावाला खारघरच्या एका टॅक्सीवाल्याने अठरा हजार सांगितलेत. “तीसपर्यंत ताणू का?” मी विचारलं, त्या नावाची मुदत कधी संपते? पुतण्याला विचारून त्यांनी पुन्हा फोन केला. “सोमवारी.”

ती तारीख कुणालाही दिसते, टॅक्सीवाल्यालाही. मुदत संपली तरी डॉट कॉम लगेच सुटत नाही: बहुतेक ठिकाणी महिना-दीड महिना सवलतीचे, मग तीस दिवस दंड भरून सोडवायचे, मग पाच दिवस, आणि त्यानंतर जो आधी पकडेल त्याचं. पण मालकाने वर्गणी भरलेली नाही एवढं दिसलं, तरी गिऱ्हाईक गप्प बसून वाट बघतं.

“काका,” म्हटलं, “आधी अकराशे भरा. तीसचं उद्या बोलू.”