बेडी आधी, काठी नंतर : एका साक्षीदाराचा अनुभव

बसस्थानकाबाहेर दोन पोलीस एका पोराला पकडत होते, तेव्हा मी रिक्षासाठी थांबले होते. एक पोलीस गणवेशात, दुसरा साध्या वेशात. मोबाईल चोरल्याचा संशय होता म्हणे. पोरगा सुटायला धडपडला. त्यांनी त्याला खाली पाडलं, हात मागे घेतले आणि बेडी घातली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. अटकेला कुणी झटापट करून विरोध केला, तर पोलिसांना लागेल तेवढं बळ वापरता येतं. अटक आणि तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये तशी तरतूद आहे. पण त्याच संहितेचं कलम ४६ म्हणतं की, माणूस पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त त्याला जखडायचं नाही. इथे बेडी पडल्यावर पोरगा पालथा, निपचित पडला होता. तरी एकाने मानेखाली गुडघा रोवला आणि दुसरा मांड्यांवर काठी चालवत राहिला.

गर्दी जमली. दोन तरुण पुढे सरसावले, एकाने तर पोलिसाच्या दंडाला हातही घातला. त्यांना मी मोठ्याने सांगितलं, "हात लावू नका, मागे या." पोलिसाला धक्का दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, अडथळा आणला म्हणून २२१ आणि दुसऱ्याची कायदेशीर अटक अडवली म्हणून २६३. यातल्या १३२ ला लोक अजूनही जुन्या दंड संहितेतल्या आकड्याने, 'तीनशे त्रेपन्न' म्हणूनच ओळखतात. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर पोलिसापासूनही दुसऱ्याला वाचवण्याचा हक्क कायदा देतो. पण ती भीती रास्त होती हे पुढे न्यायालयात पटवून द्यावं लागतं. शिवाय एकदा गर्दी अंगावर आली की झालेल्या सगळ्या मारहाणीचं खापर तिच्यावर फुटतं आणि मूळ प्रकार त्याखाली गाडला जातो.

मी तीन-चार पावलांवर, त्यांना दिसेन अशी समोर उभी राहिले आणि फोन सुरू केला. "साहेब, बेडी पडलीय त्याला. गुडघा काढा, श्वास अडकतोय त्याचा. कुशीवर वळवा." हेच पुन्हा पुन्हा. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हाही रस्त्यावरची माणसं नाडी बघा म्हणून ओरडत होती आणि १७ वर्षांची डार्नेला फ्रेझियर मोबाईल धरून उभी होती. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो मृत्यू 'वैद्यकीय घटना' होता. तिच्या चित्रीकरणापुढे ते निवेदन टिकलं नाही.

"शूटिंग बंद करा मॅडम, सरकारी कामात अडथळा येतोय." मी म्हटलं, मी वाट अडवलेली नाही, लांबून बघतेय. सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचं चित्रीकरण करणं हा गुन्हा नाही. शासकीय गुपिते कायद्याच्या दृष्टीने पोलीस ठाणंसुद्धा 'प्रतिबंधित स्थळ', म्हणजे चित्रीकरणाला बंदी असलेली जागा, नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. साध्या वेशातल्याला मी नाव विचारलं. उत्तर आलं नाही. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये घालून दिलेला दंडक आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. गुडघा मात्र निघाला.

मी मागोमाग ठाण्यात गेले. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. मी म्हटलं, मी घेतेय जबाबदारी, सही करते. पण तिथे आधीच कुणाची तरी सही होती. जो माणूस रस्त्यावर नव्हता त्याची. घरच्यांना कळवलं का, असं ठाणे अंमलदारांना विचारलं, तेव्हा फोन गेला आणि पोराचा भाऊ आला. त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या : डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवायला सांग, आणि २४ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर नेतील तेव्हा मारहाण झाली हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगू दे. डॉक्टरांच्या अहवालाची प्रत मागायचा हक्क आहे. तो अहवाल नसता, तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं.

त्याच रात्री मी सगळं लिहून काढलं. वेळ, जागा, कोण कुठे उभा होता, कुठल्या हातात काठी होती, कोण काय बोललं. चित्रीकरण व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवलं नाही. तिथे फाईल दाबून लहान होते आणि मूळची माहिती निघून जाते. मूळ फाईल फोनमध्येच ठेवली आणि प्रत पेन ड्राइव्हवर काढली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायचं असतं. हे ऐकून घाबरायचं कारण नाही. वकिलाने आणि संगणकाच्या जाणकाराने मिळून ते करून दिलं.

सीसीटीव्हीसाठी लगेच अर्ज केले. ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने, आणि यंत्रात तेवढी सोय नसेल तर निदान १ वर्ष तरी जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलं. बसस्थानकाच्या कॅमेऱ्यांना ते लागू नाही, तिथलं लवकर पुसलं जातं. म्हणून पहिला अर्ज तिकडे. ठाण्यात अर्जावर पोच द्यायला टाळाटाळ झाली, तेव्हा तो स्पीड पोस्टने पाठवला.

तक्रार भावाच्या सहीने वरिष्ठांकडे आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे गेली, सोबत माझं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या २००६ च्या निकालातून ही प्राधिकरणं आली. अटकेची ठरलेली पद्धत न पाळणं हा त्यांच्यापुढे जाण्याचा विषय आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मग जबाब. स्त्री साक्षीदाराला तपासात जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज कुठे यायला भाग पाडता येत नाही. ही चौकशी गुन्ह्याच्या तपासातली नव्हती, पोलीस खात्याची अंतर्गत होती, तरी मी तोच आग्रह धरला आणि अधिकारी घरी आले. सभ्य होते, पण मध्येच म्हणाले, "ताई, सराईत आहे तो. तुम्ही कशाला पडताय यात?" तो चोर आहे की नाही ते न्यायालय ठरवेल, मी त्याबद्दल काहीच सांगत नाहीये, असं मी म्हटलं. त्यांनी लिहिलं : 'आरोपीस ताब्यात घेताना किरकोळ झटापट झाली.' मी ते वाक्य खोडायला लावलं. आरोपी म्हणणार मारलं, पोलीस म्हणणार त्याने विरोध केला. विरोध नेमका कुठल्या क्षणी संपला हे सांगू शकेल असा माणूस त्या दोघांबाहेरचाच असावा लागतो, आणि त्या दिवशी ती मी होते. म्हणून मी क्रम लिहून घेतला : आधी बेडी, मग गुडघा, मग काठी. पूर्ण वाचून पाहिल्यावरच सही केली. पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. इथे खात्याची चौकशी होती म्हणून सही चालली. हा फरक आधी विचारून घ्यावा.

दोघांपैकी एकावर विभागीय चौकशी बसली आहे, दुसऱ्याचा निर्णय बाकी आहे. पोरावरचा चोरीचा खटला चालू आहे, सोबत अटकेला विरोध केल्याचं कलमही लावलंय. त्याच्या वकिलांनी बचावाची साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं आहे. मूळ फोन न्यायालयात हजर करावा लागेल असं ते म्हणाले, म्हणून मी तो वापरातून काढून वेगळा ठेवला आहे आणि त्यात काहीही पुसलेलं नाही.