बाईंनी दस्त तपासून दिला

आमच्या दस्त नोंदणी कार्यालयात पक्षकार येतात, तसं कधी कधी कार्यालयच पक्षकाराच्या घरी जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून आणायची सक्ती नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात कलम 31 आहे त्यासाठी. अर्ज आला, डॉक्टरांचा दाखला लागला, फी भरली की लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून आम्ही निघतो. रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या दुय्यम निबंधकाला गृहभेटीचं अप्रूप राहत नाही. कर्ती माणसं मुंबईला, म्हातारी माणसं घरात, असा इकडचा मामला.

तो दस्त बक्षीसपत्राचा होता. लिहून देणार आई, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लिहून घेणार मुलगा. मिळकत म्हणजे राहतं घर आणि मागची हापूसची कलमं. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये (स्थानिक कर वेगळा), त्यामुळे असे दस्त सारखे येतात आणि बहुतेक सरळच असतात.

बाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. नवी साडी, दुकानातल्या घड्या अजून तशाच. पायांच्या नखांवर मात्र नजर गेली आणि तिथेच अडली. वाढून आत वळली होती. मला बघून म्हणाल्या, "ये गं, बस. कितवीत होतीस तू माझ्याकडे?" मी म्हटलं, "बाई, मी सरकारी कामाला आलेय." त्यावर "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं," असं इतक्या आपुलकीने म्हणाल्या की ऑपरेटरने खुशाल कॅमेरा लावायला घेतला.

मी विचारलं, "या कागदात काय लिहिलंय, सांगाल?"

त्यांनी चष्मा लावला आणि दस्त मोठ्याने वाचायला घेतला. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता..." एका ओळीत दस्तलेखकाने 'स्विकार' लिहिलं होतं. बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, वेलांटी दीर्घ केली आणि समासात बारीक बरोबरची खूण केली.

"बघा मॅडम, सगळं कळतं तिला," मुलगा म्हणाला.

खरं सांगायचं तर कुणालाही तसंच वाटलं असतं. पण वाचता येणं वेगळं आणि वाचलेलं पोचणं वेगळं. स्मृतिभ्रंशाच्या माणसाची सही, पाढे, पाहुण्याची विचारपूस बराच काळ टिकते. आत काय उरलंय ते साध्या प्रश्नांनी कळतं. मी मुलाला अंगणात थांबायला सांगितलं. कुरकुरत गेला.

"बाई, हे घर कुणाचं?"

"ह्यांचं. बाजारात गेलेत, येतीलच." समोरच्या भिंतीवर यजमानांच्या फोटोला चंदनाचा हार होता.

"मुलगा काय करतो?"

"शाळेत गेलाय. डबा विसरला बघ आज."

"आणि हा कागद कशाचा?"

"वह्या तपासायच्यात ना," असं म्हणून त्यांनी दस्त उलटा केला आणि शेवटच्या पानावर झोकदार सही ठोकून दिली.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेले. पडवीत बाईंची खाट. पडवीच्या दाराला कडी बाहेरून. फळीवर डोनेपेझिलची, म्हणजे स्मृतिभ्रंशावरच्या गोळ्यांची, पाकिटं होती, वर धूळ, गोळ्या जवळपास सगळ्या जागच्या जागी. गृहभेटीच्या अर्जासोबतच्या दाखल्यात मात्र गुडघेदुखीमुळे चालता येत नाही एवढंच लिहिलेलं. ओळखदार म्हणून आलेले शेजारचे काका हळूच म्हणाले, "पेन्शन काढायला महिन्याला बरोबर नेतात हो बँकेत. तेव्हा गुडघे दुखत नाहीत."

आता आमचा अधिकार किती ते सांगते. दस्तातला व्यवहार योग्य की अन्यायाचा, हे ठरवणं आमचं काम नव्हे. मुलगा आईला नीट बघत नाही म्हणून मी दस्त अडवू शकत नाही. पण लिहून देणारी व्यक्ती भानावर दिसत नसेल, तर कलम 35 प्रमाणे नोंदणी नाकारावीच लागते. मी तेच केलं. दस्तावर 'नोंदणी नाकारली' असा शेरा मारला, कारणं पुस्तक क्रमांक 2 मध्ये लिहिली, आणि अपिलाला 30 दिवस असतात हे मुलाला सांगितलं. तो बरंच बोलला. "सही केलीय ना तिने तुमच्यासमोर?" हा मुद्दा त्याने सोडला नाही.

काकांनी डोंबिवलीच्या मुलीला फोन केला असावा, कारण ती पुढच्याच आठवड्यात कार्यालयात हजर. आधी रडली, मग सावरून म्हणाली, "मॅडम, आईकडून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेते. मग दादाला काही करता येणार नाही."

"ते नाही होणार," मी म्हटलं.

"म्हणजे दादाला नाही, तसं मलाही नाही?"

"तुम्हालाही नाही. आणि आधी केलेलं असतं तरी करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं."

ती रागावली. मला त्यात वावगं वाटलं नाही. हेतू चांगला असलेल्या माणसालाच हा नियम जास्त टोचतो.

मग तिला दोन वाटा सांगितल्या. आबाळीसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा: प्रांतांच्या अध्यक्षतेखाली अधिकरण असतं, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देता येतो, आणि आईला अर्ज करणं शक्य नसलं तरी अधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. घर आणि पेन्शनचा प्रश्न वेगळा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद नाही, म्हणून लोक उच्च न्यायालयात रिट करतात. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईचा फेरा नाही. त्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून लेखी निदान घ्या, असंही सांगितलं.

तिने सगळं लिहून घेतलं. अक्षर थेट आईचं. मग विचारलं, "प्रांत ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?"